पॅनल सॉ नऊ महिने वापरून : मशीन झकास, क्रॉसकट फेन्सच्या टेकूने मात्र पिडलं

प्लाय-लॅमिनेटच्या शीट कापायची ही मशीन (पॅनल सॉ) दिवाळीत घेतली, आता नऊ महिने झाले. 3200 मिमीचं सरकतं (स्लायडिंग) टेबल, मुख्य ब्लेडच्या आधी खालून हलका काप घेणारं छोटं स्कोरिंग ब्लेड वगैरे आहेच. मोटर दणकट, लॅमिनेटची कड चिप होत नाही, टेबल अजून पहिल्या दिवसासारखं सरकतं. मला बोलायचंय ते क्रॉसकट फेन्सबद्दल, म्हणजे काटकोनात कापायला शीट टेबलावर ज्या लांब पट्टीला टेकवतात तिच्याबद्दल, आणि ती काटकोनात जिथे येऊन थांबते त्या टेकूच्या बोल्टबद्दल.

गेल्या महिन्यात एका किचनच्या कामात अख्खा 8 बाय 4 चा शीट आडवा कापायला फेन्स पुढच्या जागेवरून मागे नेली, नंतर परत पुढे आणून टेकूला टेकवली, मूठ आवळली आणि 720 बाय 560 मिमीच्या सोळा साइड (कपाटांच्या बाजू) कापून काढल्या, आणि जोडायच्या आधी टेप लावला तर प्रत्येकीचे दोन कर्ण जवळजवळ 1 मिमीने वेगळे, म्हणजे काटकोनच नाही! एज बँडिंग झालेला माल, नुकसान माझं.

सर्व्हिसवाल्याला बोलावलं. त्याने 300 चा गुण्या लावून टेकूचा बोल्ट फिरवला, ओके म्हणाला, 1500 रुपये व्हिजिटचे घेऊन गेला. पुढच्याच आठवड्यात फेन्स हलवून परत लावली तर पुन्हा काटकोन गेला, तोही उलट्या बाजूला. तेव्हा मी डीलरला फोन करून सांगितलं की फेन्स वाकडी आहे, बदलून द्या. हे मला आता मागे घ्यायचंय, फेन्स सरळच आहे.

झालं असं की परत 1500 द्यायची तयारी नव्हती म्हणून काटकोन तपासायची पाच कटची टेस्ट स्वतः केली. एमडीएफचा चौकोन घ्या, चारही बाजू क्रमाने कापा, दरवेळी नुकती कापलेली बाजू फेन्सला लावायची, पाचव्या कटला पहिल्या बाजूची पट्टी काढा आणि तिची दोन्ही टोकं व्हर्नियरने मोजा. माझी आली 23.4 आणि 26.6, म्हणजे फरक 3.2, चूक चार वेळा साचते म्हणून भागिले 4, तर पट्टीच्या 800 मिमी लांबीवर 0.8. फेन्स ज्याच्याभोवती फिरते त्या पिव्होटपासून टेकू 1000 मिमीवर, तिथे हिशोब बरोबर 1.0 मिमी. लॅमिनेटची जाडी! टेकूखाली वाकून पाहिलं तर 1 मिमीचा लॅमिनेटचा तुकडा पडलेला. पहिल्यांदा तो मध्ये अडकला होता, सर्व्हिसवाल्याने तो तसाच ठेवून सेटिंग केलं आणि फेन्स उचलल्यावर तो खाली पडला.

मग टेकू आणि फेन्सच्या मध्ये 1 मिमीचा फीलर (ठरावीक जाडीची मापाची पत्ती) धरून फेन्स आवळली, फीलर काढून बोल्ट फेन्सला भिडवला, बोल्ट जागेवर धरून ठेवणारा चेक नट घट्ट केला. परत पाच कट, फरक 0.1. (फेन्स उलट न्यायची असेल तर आधी फेन्स आवळून बोल्ट फीलरएवढा मागे घ्यायचा, मग फेन्स त्याला टेकवायची.)

तरी कंपनीवर राग आहेच. टेकूचं तोंड नाण्याएवढं सपाट कशाला ठेवायचं, भुसा तिथेच बसतो, एवढ्या महागड्या मशीनला हे शोभत नाही. मी शेजारच्या लेथवाल्याकडून गोल डोक्याचा बोल्ट 80 रुपयांत करून घेतला, जागा बदलताना आता हवा मारतो आणि बोटाने टेकू पुसतो. तीन आठवड्यांत फेन्स अकरा वेळा हलवली, दरवेळी कर्ण मोजले, एकदाही चुकले नाहीत.