वाळीत टाकलं तर: गावकीत मिटवायचं की पोलिसात जायचं?

रायगड-रत्नागिरीत वाळीत टाकणं म्हणजे काय, ते शिमग्यात उघड दिसतं. पालखी शेजारच्या अंगणात नाचते आणि तुमच्या दारावरून सरळ पुढे जाते. गिरणीवाला दळण घेत नाही, मयताला खांदा द्यायला कोणी येत नाही.

गावकीत मिटवलं तर काम झटपट होतं. बैठक बसते, दंड ठरतो, माफी मागितली की दुकानदार दुसऱ्या दिवशी सामान देतो. वकील नको, तालुक्याच्या खेपा नकोत. पण ज्यांनी वाळीत टाकलं तेच न्याय करणार! वर दंड भरला म्हणजे चूक तुमचीच ठरली. पावतीही मिळत नाही.

दुसरीकडे २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा आहे, २०१७ पासून लागू. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बैठकीत बहिष्काराच्या बाजूने मत देणाराही गुन्हेगार ठरतो, त्यामुळे ‘मी नुसता हात वर केला’ ही सबब चालत नाही. तक्रार पोलिसात किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्याकडे करता येते. खरी अडचण पुराव्याची. ठराव तोंडी असतो आणि साक्षीला सख्खी भावकीही कचरते. म्हणून कोणी, कधी, काय नाकारलं ते तारखेनिशी लिहून ठेवावं.

माझं मत विचाराल तर आधी तक्रार. पीडिताची संमती आणि कोर्टाची परवानगी असेल तर तडजोड नंतरही होते, आणि तेव्हा अटी गावकीच्या नसतात.