जळगाव-धुळ्यात घर घेताना : फ्लॅट, रो-हाऊस की बिनशेती प्लॉटवर स्वतःचे बांधकाम?

जळगाव, धुळे, भुसावळ किंवा नंदुरबारमध्ये कर्ज काढून पहिले घर घेणाऱ्या नोकरदार कुटुंबासमोर साधारणपणे तीन पर्याय असतात: इमारतीतील फ्लॅट, शहराच्या कडेच्या कॉलनीतील रो-हाऊस, किंवा बिनशेती प्लॉट घेऊन त्यावर स्वतः केलेले बांधकाम. बहुतेक जण या तिन्हींची तुलना चौरस फुटाच्या भावावरून सुरू करतात. माझ्या मते खान्देशात ती पाण्यापासून सुरू करावी, मग कागदपत्रे, माती आणि ऊन पाहावे, आणि भावाचा विचार त्यानंतर करावा. भावात पन्नास हजारांची घासाघीस करून घेतलेल्या घरात उन्हाळाभर टँकर मागवावा लागला, तर ती बचत काही वर्षांतच संपते.

जळगाव शहराला वाघूर धरणातून आणि धुळ्याला तापी, नकाणे तलाव व अक्कलपाडा प्रकल्पातून पाणी मिळते. तरीही नळाला रोज पाणी येईल असे गृहीत धरून घर घेऊ नये. पाणी किती दिवसांनी येते यावर घरात साठा किती हवा हे ठरते, आणि येथे तिन्ही पर्याय वेगळे पडतात. फ्लॅटमध्ये जमिनीखालची टाकी, गच्चीवरची टाकी आणि बोअर सामाईक असतात. टँकर मागवावा लागला तरी खर्च वाटला जातो, मात्र वरच्या मजल्यावरील कुटुंबाला मोटार आणि सोसायटीच्या शिस्तीवर अवलंबून राहावे लागते. रो-हाऊसला स्वतःचा हौद असतो, पण तो बहुधा पार्किंगच्या फरशीखाली बसेल एवढाच बांधलेला असतो. विक्रेता सांगेल त्या लिटरवर विसंबून न राहता झाकण उघडून त्याची लांबी, रुंदी व खोली मोजावी. स्वतः बांधताना हौद हवा तेवढा मोठा करता येतो. तिथली खरी अडचण अशी की, नव्या ले-आउटमध्ये जलवाहिनी आणि भुयारी गटार येईपर्यंत कित्येक वर्षे जाऊ शकतात. धुळ्यात वलवाडी, महिंदळे, नकाणे यांसारखी गावे महापालिकेत आली, परंतु हद्द वाढली म्हणून सुविधा त्याच दिवशी पोहोचत नाहीत. त्यामुळे कॉलनीतील दोन-तीन घरी जाऊन पाणी कोणत्या वारी येते, किती वेळ टिकते, मोटार लावावी लागते का आणि मे महिन्यात बोअर चालू राहते का, हे स्वतः विचारावे. ही चौकशी घरातील बाईमाणसांकडे करावी, कारण पाणी भरण्याचे काम बहुतेक घरांत त्यांच्याकडेच असते आणि त्यांचे उत्तर सर्वांत नेमके असते.

कागदपत्रांची बाजू

या बाबतीत फ्लॅट सर्वांत सुरक्षित आहे, पण प्रत्येक फ्लॅट नव्हे. महारेराचा, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, कारभार 1 मे 2017 पासून सुरू झाला. नोंदणीकृत प्रकल्पात ग्राहकांकडून घेतलेल्या रकमेपैकी 70 टक्के स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते, नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, आणि ताबा दिल्यापासून 5 वर्षांपर्यंत बांधकामातील दोष दुरुस्त करून देण्याची जबाबदारी विकासकावर राहते. मात्र ज्या प्रकल्पाची जमीन 500 चौरस मीटरपेक्षा जास्त नाही किंवा ज्यात 8 पेक्षा जास्त सदनिका नाहीत, त्याला नोंदणीचे बंधन नाही. आपल्याकडच्या कॉलन्यांमध्ये एका प्लॉटवर उभी राहणारी सहा फ्लॅटची इमारत किंवा चार रो-हाऊसची रांग नेमकी या सवलतीत बसते. त्यामुळे रो-हाऊस पाहताना ‘रेरा क्रमांक काय’ या प्रश्नाला ‘आम्हाला लागत नाही’ असे उत्तर मिळाले, तर ते खोटे असेलच असे नाही. पण मग महारेराकडे जी माहिती आयती पाहायला मिळाली असती, ती सर्व आपल्याला आपल्या वकिलामार्फत तपासून घ्यावी लागेल, हे ध्यानात ठेवावे. मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष बांधकाम जुळते का, सामासिक अंतरात (घराभोवती मोकळी सोडायच्या जागेत) खोली वाढवली आहे का, भोगवटा प्रमाणपत्र (घर राहण्यास योग्य असल्याचा दाखला) मिळाले आहे का, आणि रांगेतील घरांची जमीन कागदोपत्री विभागलेली आहे की सर्वांचा अविभक्त हिस्सा आहे, हे चार मुद्दे रो-हाऊसमध्ये निर्णायक असतात. शेवटचा मुद्दा बहुधा कोणी विचारत नाही, आणि पुढे शेजाऱ्याला वर मजला चढवायचा झाला की वाद तिथूनच सुरू होतो.

प्लॉटच्या बाबतीत सातबारा वाचता येणे ही पहिली पात्रता समजावी. गाव नमुना सातमध्ये भोगवटादाराचे नाव असते. पण नजर तिथे न थांबवता ‘इतर हक्क’ या रकान्यावर न्यावी. बँकेचा किंवा विकास सोसायटीचा बोजा, बहिणींचा हक्क, कुळाची नोंद, वर्ग 2 ची (परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या जमिनीची) अट या सर्व गोष्टी तिथे दिसतात. नमुना बारामध्ये गेल्या हंगामात कपाशी किंवा केळीचा पेरा नोंदलेला असेल आणि विक्रेता मात्र आखलेल्या चुन्याच्या रेषा दाखवून त्याच जमिनीला प्लॉट म्हणत असेल, तर बिनशेतीचा आदेश आणि मंजूर ले-आउट पाहिल्याशिवाय पुढचे बोलणे करू नये. नंदुरबार जिल्ह्यात, धुळ्यातील साक्री-शिरपूर भागात आणि जळगावच्या सातपुड्यालगतच्या तालुक्यांत आणखी एक तपासणी अनिवार्य आहे: आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासी व्यक्तीला घेताना महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36-अ नुसार पूर्वपरवानगी लागते, आणि ती नसताना झालेला व्यवहार टिकत नाही. जुने फेरफार काढून मूळ खातेदार कोण होता हे पाहिल्याशिवाय ही गोष्ट कळत नाही, कारण चालू सातबाऱ्यावर तिसऱ्या-चौथ्या मालकाचे नाव असू शकते. गुंठेवारीचा, म्हणजे मंजूर ले-आउटशिवाय तुकडे पाडून विकलेला, प्लॉट स्वस्त मिळतो. परंतु गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा 2001 चा असून 2021 मधील दुरुस्तीने तो 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांना व भूखंडांना लागू झाला, तेव्हा नियमित झाल्याचे प्रमाणपत्र हाती नसलेला प्लॉट मी तरी कर्ज काढून घेण्याचा सल्ला कोणालाही देणार नाही.

काळी माती आणि मे महिना

खान्देशातील काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. एप्रिल-मे मध्ये शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि तीच हालचाल घराच्या पायाखालीही होत असते. रो-हाऊस पाहताना रंगाकडे न पाहता खिडकीच्या आणि दाराच्या कोपऱ्यांकडे पाहावे. कोपऱ्यातून तिरकी वर चढणारी भेग, जोत्याभोवतीची फरशी भिंतीपासून सुटून पडलेली फट आणि एका बाजूला झुकलेले आवार ही पाया हलल्याची लक्षणे आहेत. प्लॅस्टरवरच्या बारीक जाळीसारख्या भेगा त्यामानाने किरकोळ असतात. शक्य असल्यास तयार घर पावसाळ्याच्या आधी पाहावे, कारण तेव्हा भेगा उघड्या असतात. स्वतः बांधण्याचा सर्वांत मोठा फायदा इथेच आहे: काळी माती काढून मुरूम भरणे, पाया कठीण थरापर्यंत नेणे, थर खोल असेल तर अभियंत्याच्या सल्ल्याने पाइल (जमिनीत खोलवर नेलेले काँक्रीटचे खांब) घेणे, हे सर्व आपल्या डोळ्यांसमोर होते. तापीकाठच्या रावेर-यावल पट्ट्यात गाळाचा थर फार खोल असल्याने तिथे शेजाऱ्याच्या पायावरून अंदाज न बांधता माती परीक्षण करून घ्यावे.

उन्हाच्या बाबतीत मात्र फ्लॅटमध्ये मोठा फरक मजल्यामजल्यात आहे. भुसावळ-जळगावात पारा 45 अंशांच्या पुढे जातो, आणि वरच्या मजल्यावरच्या पश्चिमेकडील खोलीत रात्रीही स्लॅबचा उकाडा उतरतो. असा फ्लॅट दुपारी चार वाजता, पंखा बंद ठेवून पाहावा. मधल्या मजल्याचा, पूर्व किंवा उत्तरेला उघडणारा फ्लॅट तिन्ही पर्यायांत सर्वांत थंड ठरू शकतो. पण बिबड्या, पापड आणि कुरडया वाळत घालायला व उन्हाळ्यात रात्री अंथरूण टाकायला गच्ची लागते, आणि काही इमारतींत ती एका फ्लॅटला जोडून विकलेली असते. करारनाम्यात गच्ची सामाईक असल्याचे स्पष्ट लिहिलेले हवे.

खर्चाचे गणित आता थोडक्यात मांडतो. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर 5 टक्के जीएसटी लागतो; 45 लाखांपर्यंतच्या आणि आपल्याकडच्या शहरांत 90 चौरस मीटर चटई क्षेत्रापर्यंतच्या घरांना तो 1 टक्का आहे, तर पूर्णत्वाच्या दाखल्यानंतर विकलेल्या किंवा जुन्या घरावर तो लागत नाही. नोंदणी शुल्क 1 टक्का असून त्याची कमाल मर्यादा 30,000 रुपये आहे, आणि केवळ महिलेच्या नावावर निवासी घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात 1 टक्क्याची सवलत मिळते. बँक 30 लाखांपर्यंतच्या गृहकर्जात किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत जाऊ शकते, पण नुसत्या प्लॉटला एवढे कर्ज मिळत नाही. शिवाय बांधकाम संपेपर्यंत भाडे आणि हप्ता दोन्ही चालू राहतात. स्वतः बांधले की स्वस्त पडते, हे म्हणणे साइटवर रोज कोणीतरी घरचे माणूस उभे राहत असेल तरच खरे ठरते.

बळीराम पेठेतील किंवा धुळ्याच्या जुन्या गल्ल्यांतील सागवानी खांबांची घरेही विक्रीला येतात. जाड भिंतींमुळे ती थंड असतात. पण सामाईक भिंत, मागे राहिलेले वारस आणि जिथे मातीचे धाबे (सपाट छप्पर) शिल्लक आहे तिथे गळती थांबवण्यासाठी दर पावसाळ्यापूर्वी खारी माती टाकण्याचे काम यांचा विचार करता, ती कर्ज काढून पहिले घर घेणाऱ्यासाठी नाहीत.

आईवडील थकलेले असतील, दवाखाना जवळ हवा असेल आणि मुले पुण्या-नाशिकला असतील, तर लिफ्ट असलेल्या इमारतीतील मधल्या मजल्याचा, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेला फ्लॅट घ्यावा. मुले शाळेत आहेत, दुचाकीने कामावर जाणे जमते आणि पुढे एखादी खोली वाढवावी लागेल असे वाटते, त्यांनी किमान तीन-चार पावसाळे पाहिलेल्या कॉलनीतील रो-हाऊस शोधावे. नव्या रांगेपेक्षा ते थोडे महाग पडले तरी पाया, पाणी आणि शेजार या तिन्ही गोष्टी तिथे डोळ्यांनी तपासता येतात, म्हणून बहुतेक कुटुंबांना मी हाच पर्याय सुचवतो. प्लॉट त्यांनीच घ्यावा ज्यांना राहायला जाण्याची घाई नाही आणि ज्यांच्या घरात बांधकामावर लक्ष ठेवणारे माणूस आहे. निवड कोणतीही असो, वकिलाकडून 30 वर्षांचा शोध अहवाल हाती येण्यापूर्वी इसार द्यावा लागलाच, तर इसार पावतीवर ‘कागदपत्रांत दोष आढळल्यास किंवा बँकेने कर्ज नाकारल्यास संपूर्ण रक्कम परत’ ही अट लिहून, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन, रक्कम धनादेशानेच द्यावी.