पुढचा पीस कोणता घ्यायचा?

बेथोव्हेनच्या ‘फ्यूर एलिझे’ची पहिली ओळ पियानोवर कुणालाही आठवड्याभरात वाजवता येते, आणि घोळ तिथेच होतो. मीही ती शिकायला लागल्यावर चौथ्याच महिन्यात घेतली. पहिलं पान झकास वाजायचं. मग एफ मेजर या स्वरपट्टीतला भाग आला, उजव्या हातातले स्वर एकदम दुप्पट वेगाने धावू लागले आणि लय पार विस्कटली. तेव्हापासून नवा पीस बघताना मी सुरुवात ऐकत बसत नाही. ज्या पानावर सगळ्यात जास्त शाई आहे, ते पान आधी उघडतो.

अगदी नवशिक्यापुढे सहसा दोन पर्याय येतात: जी मेजरमधला मिनुएट (नाचाची धून) आणि बाखचा सी मेजरमधला प्रील्यूड (छोटी, मोकळी रचना). मिनुएटही बाखच्याच नावावर खपतो. सापडतो तो त्याच्या बायकोच्या, आना माग्दालेनाच्या, 1725 च्या वहीत, पण रचना ख्रिस्टियान पेत्झोल्डची. 32 बार (नोटेशनमधले तालाचे खण), दोन्ही हातांना आपापली चाल. डावा हात नुसता साथीला नाही. हात सुटे व्हायचे असतील आणि नोटेशन वाचायची सवय लागायची असेल तर हाच घ्या.

प्रील्यूड (1722) वाचायला त्याहून हलका. डाव्या हाताचे दोन स्वर, मग उजव्याचे तीन, ते तीन पुन्हा. आणि हे सगळं त्याच बारमध्ये आणखी एकदा. 35 पैकी 32 बार असेच जातात. एका बारमध्ये वाचायचे स्वर फक्त पाच! मोठेपणी शिकायला बसलेल्या आणि वाचनात अडखळणाऱ्या माणसाला मी हाच देईन. मात्र लपायला जागा नाही. अंगठा जरा जड पडला की तोच स्वर ठळक ऐकू येतो, प्रत्येक बारमध्ये.

वर्ष-दोन वर्षं हात बसल्यावर खरी निवड सुरू होते. क्लेमेंटीची सोनाटिना (म्हणजे छोटी सोनाटा, काही भागांची वाद्यरचना), ओपस म्हणजे रचना-क्रमांक 36, त्यातली क्रमांक 1, की शोपँचा ई मायनर प्रील्यूड? क्लेमेंटी म्हणजे स्वच्छ, भरभर सरकणारे स्केल, म्हणजे ओळीने चढणारे-उतरणारे स्वर; बोटं असमान असतील तर लगेच उघडी पडतात. शोपँ फक्त 25 बारचा, विलंबित. उजवा हात बराच वेळ शेजारच्याच दोन स्वरांवर रेंगाळतो. सगळं काम डाव्या हातातल्या कॉर्डचं, म्हणजे एकत्र दाबलेल्या स्वरांचं: एकेक बोट अर्ध्या स्वराने खाली घसरतं आणि कॉर्डचा रंग बदलतो. इथे बोटं नाही, लक्ष चुकतं. एक बदल निसटला की पुढचे चार बार भलतीकडेच जातात. रोज वीस मिनिटंच मिळत असतील तर शोपँ. पुढे मोझार्टची के. 545 (हा त्याच्या रचनांच्या सूचीतला क्रमांक) सोनाटा वाजवायची असेल तर क्लेमेंटीला पर्याय नाही. (ती सोनाटा मोझार्टने 1788 मध्ये स्वतःच्या यादीत ‘नवशिक्यांसाठी’ म्हणून नोंदवली. त्यावर जाऊ नका.)

त्यावरच्या पायरीवर बहुतेकांना बेथोव्हेनच्या ‘मूनलाइट’ सोनाटाचा पहिला भाग किंवा डेब्युसीचा ‘क्लेअर द ल्यून’ हवा असतो. दोन्ही संथ आणि नावाने चांदण्यातले, म्हणून लोक एकाच तागडीत टाकतात. मी आधी ‘मूनलाइट’ घेईन. त्यात एकच गोष्ट साधायची असते: उजव्या हाताची करंगळी गाते आणि त्याच हाताची बाकीची बोटं खाली हळू आवाजात तीन-तीन स्वर फिरवत राहतात. डाव्या हाताचा पंजा मात्र सप्तकभर पसरायला हवा, अगदी पहिल्या बारपासून. डेब्युसीत पाच फ्लॅट (कोमल स्वर), 9/8 चा ताल, म्हणजे एका बारमध्ये तीन-तीनाचे तीन गट, आणि मध्येच दोन-दोनाचे गट. आणि मधल्या भागात डावा हात अर्ध्या कीबोर्डावर लाटा काढतो. ‘मूनलाइट’ जमला म्हणून त्याचाच तिसरा भाग उघडू नका, तो द्रुत भाग कित्येक वर्षं पुढचा आहे.

शोपँचा ‘फँटसी-इम्प्रॉम्प्टू’ खुणावत असेल तर आधी टेबलावर उजव्या हाताने चार आणि त्याच वेळात डाव्या हाताने तीन टकटक करून बघा, कारण त्यात दोन्ही हात असेच चालतात. बोलता बोलता ते जमायला लागलं, की नोटेशन उघडा.