मांड्यांवरच्या रेघा आता जाणार नाहीत

मला 14 वर्षं सोरायसिस आहे, म्हणजे कातडीवर खपल्यांचे खाजरे चट्टे येणारा आजार. नवखी होते म्हणून फसले, असं कुणी समजू नये म्हणून हे आधीच सांगते. हा आजार आटोक्यात राहतो, मुळापासून जात नाही, हे मला पाठ होतं.

खाजेमुळे झोप उडालेली, हातात मोबाइल. व्हिडिओत एक बाई रडत सांगत होती, ‘दहा वर्षांनी अर्ध्या बाह्या घातल्या.’ मीही रडले. तो व्हिडिओ मी शेवटपर्यंत पाहिला आणि दुसऱ्या दिवसापासून मोबाइलवर तेच सुरू झालं : आधीचे-नंतरचे फोटो, ‘डॉक्टर हे सांगणार नाहीत’, ‘मेथोट्रेक्सेट म्हणजे विष’. मेथोट्रेक्सेट ही माझी सोरायसिसची गोळी. आठवड्याभरात मला खरंच वाटू लागलं की सगळे गोळ्या सोडून बरे झालेत, मीच तेवढी मागे राहिलेय. सोरायसिस आपोआपही कमी-जास्त होतो, त्यामुळे बरा काळ गाठून काढलेला फोटो काहीच सिद्ध करत नाही, हे तेव्हा सुचलं नाही.

शेवटी त्या व्हिडिओतलं मलम मी मागवलं. डबीवर ‘शंभर टक्के वनौषधी, स्टेरॉइड नाही’ असं लिहिलेलं. घटकांची यादी नाही, बॅच नंबर नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही. हे मी पाहिलं होतं. पाहून सोडून दिलं.

पाचव्या दिवशी कोपरांवरच्या खपल्या गेल्या. मग काय! तीन महिने दिवसातून दोनदा लावलं आणि आठवड्याची मेथोट्रेक्सेट मलम विकणाऱ्यांच्या सांगण्यावरून बंद केली.

पुढची डबी यायला उशीर झाला आणि दहा दिवसांत अंग पेटलं. पोट, पाठ, जिथे कधी चट्टे नव्हते तिथेही कातडी लालबुंद, सोबत हुडहुडी. त्यांच्या ग्रुपवर विचारलं तर उत्तर आलं, ‘आतलं विष बाहेर पडतंय, चांगलं लक्षण आहे. आता दोन डब्या घ्या.’ मी फोटो टाकला. त्यांनी आधी तो फोटो काढून टाकला, मग ग्रुपमधून मला काढलं. त्या ग्रुपमध्ये फक्त बरे झालेलेच का दिसायचे, ते तेव्हा कळलं.

त्वचारोगतज्ज्ञांनी मांड्यांवरच्या जांभळट रेघा पाहिल्या आणि एवढंच विचारलं, ‘काय लावत होतात?’ डबी तपासायला दिली. क्लोबेटासोल निघालं. अतितीव्र गटातलं स्टेरॉइड. डॉक्टर ते देतात तेव्हा साधारण सलग दोन आठवडे, आणि आठवड्याला 50 ग्रॅमच्या आत. मी मोजमापाशिवाय तीन महिने लावलं. त्याने कातडी पातळ होते, अशा रेघा उमटतात आणि एकदम थांबवलं की आजार उसळून येतो. पाचव्या दिवसाचा चमत्कार या स्टेरॉइडचाच. माझ्या गोळीला विष म्हणणारेच मला हे विकत होते.

तुमच्याकडे अशी बिनयादीची डबी असेल तर ती घेऊन डॉक्टरांकडे जा. महिनोन्‌महिने लावत असाल तर घाबरून आजच एकदम बंद करू नका, ते कसं उतरवायचं हे त्यांना विचारा. ओरडतील म्हणून लपवू नका. मी लपवलं, त्यात आणखी दोन आठवडे गेले.

मी औषध नियंत्रण खात्याकडे तक्रार केली आहे. काल तोच अर्ध्या बाह्यांचा व्हिडिओ पुन्हा समोर आला. बाई तीच, मलमाचं नाव वेगळं.