दोन स्पंजांचा फिल्टर: काम चोख, पण नायट्रेट बादलीनेच काढावं लागतं

दोन फुटी टाकीसाठी कोणता फिल्टर घ्यावा असं कुणी विचारलं, की मी दोन स्पंजांचा, एअर पंपावर चालणारा साधा फिल्टर घ्यायला सांगते (पंपाच्या हवेचे बुडबुडे वर जाताना पाणी स्पंजातून ओढतात). माझ्याकडे पन्नासेक लिटर पाण्यात गप्पी आणि कोरी (तळाशी राहणारे कोरीडोरास मासे) आहेत, आणि हाच फिल्टर रात्रंदिवस चालतो. किंमत तीनशेच्या आत. फिरणारा एकही भाग पाण्यात नाही, त्यामुळे पाण्यात बिघडण्यासारखं काही नाही आणि गप्पीची पिल्लंही ओढली जात नाहीत.

घेताना बूड जड आहे ना ते बघा, हलकं असेल तर स्पंज तरंगतो. स्पंज जाड भोकांचा घ्या. बारीक भोकांचा दिसायला छान असतो, पण लवकर तुंबतो. आणि पंपाच्या नळीत चेक व्हॉल्व्ह, म्हणजे एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, बसवाच. आमच्या अमरावतीत उन्हाळ्यात वीज गेली की पाणी नळीतून उलटं पंपात उतरू शकतं. दहा-वीस रुपयांची ती वस्तू पंप वाचवते.

आता मुख्य गोष्ट. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो. स्पंजात वाढलेले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट. पहिली दोन्ही माशांना विषारी, नायट्रेट त्या मानाने सौम्य. फिल्टरचं काम इथे संपतं. नायट्रेट पाण्यातच साठत राहतं, आणि पाणी काचेसारखं नितळ दिसत असतानाही ते चढलेलं असू शकतं. म्हणून फिल्टरसोबत थेंबांचा नायट्रेट टेस्ट किट घ्या. किटच्या दुसऱ्या बाटलीतला घटक तळाशी बसतो, ती जोरात हलवल्याशिवाय थेंब टाकू नका, नाहीतर आकडा खोटाच कमी येतो. किट नायट्रेट मोजतो की नायट्रेटमधला नायट्रोजन, हेही वाचून घ्या. दुसऱ्या प्रकारचा आकडा ४.४ ने गुणावा लागतो.

मी नायट्रेट २० पीपीएमच्या (म्हणजे लिटरमागे २० मिलिग्रॅमच्या) आसपास ठेवते, ४० दिसलं की पाणी बदलायला थांबत नाही. हिशेब सोपा आहे. ४० असताना ३० टक्के पाणी बदललं तर २८ वर येतं, निम्मं बदललं तर २० वर. पण हे नवं पाणी नायट्रेटमुक्त असेल तरच! आपल्याकडे खरी गोम इथेच आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात भूजलात नायट्रेट जास्त असलेल्या जिल्ह्यांत वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ ही नावं आहेत. पिण्याच्या पाण्याची मर्यादाच ४५ मिलिग्रॅम प्रति लिटर. आमच्या बोअरचं पाणी टेस्ट नळीत गर्द लाल झालं, म्हणजे नायट्रेट भरपूर; नळाचं मात्र पिवळंच राहिलं. तेव्हापासून टाकीत फक्त नळाचं पाणी, क्लोरीन काढणारं औषध टाकून. बोअरचं पाणी घालून कितीही बदललं तरी टाकीतला आकडा बोअरच्या आकड्याखाली जाणार नाही, म्हणून टाकीआधी आपलं पाणी तपासा.

या फिल्टरची निगा सोपी आहे, पण ती टाळून चालत नाही. स्पंजात अडकलेली घाण डोळ्याआड होते, तरी असते पाण्यातच. तिथे कुजून ती पुन्हा नायट्रेटच वाढवते. बुडबुडे मंदावले की स्पंज तुंबला असं समजायचं. पाणी बदलताना सायफनने (पाणी ओढून काढायच्या नळीने) बादलीत काढलेल्या टाकीच्याच पाण्यात स्पंज पाच-सहा वेळा पिळायचा. नळाखाली कधीच नाही, क्लोरीनने जिवाणू मरतात. दोन स्पंजांचा खरा फायदा इथे कळतो: या खेपेला एक धुवायचा, पुढच्या खेपेला दुसरा, त्यामुळे जिवाणूंची वस्ती कधीच पूर्ण हलत नाही. कार्ट्रिज बदलायच्या फिल्टरांमध्ये जुनं कार्ट्रिज फेकलं की त्याच्यासोबत जिवाणूही जातात, मला ते अजिबात पटत नाही. स्पंज उचलायच्या आधी पाण्यातच त्याच्याभोवती प्लास्टिकची पिशवी चढवा, नाहीतर सगळा गाळ माशांवर सांडतो.

उणिवा आहेत. टाकीत जागा खातो, दिसायला काळा ठोकळा. पंपाची घरघर असते, खाली जुना स्पंजाचा तुकडा ठेवला की बरीच कमी होते. अगदी बारीक कण हा पकडत नाही. आणि गोल्डफिश किंवा ऑस्करसारखे खादाड मासे असतील तर हा एकटा पुरणार नाही.

मागच्या काठावर मनीप्लांटच्या फांद्या, मुळं पाण्यात आणि पानं बाहेर, अशा लावा. मुळं नायट्रेट ओढून घेतात. पाणी बदलणं त्याने सुटत नाही, पण दोन बदलांच्या मधला चढ हळू होतो.

दुसरी टाकी करायचा विचार असेल तर आत्ताच एक जास्तीचा स्पंज घेऊन याच टाकीत चालवत ठेवा. महिना-दीड महिन्यात तो जिवाणूंनी भरतो आणि नव्या टाकीत पहिल्या दिवसापासून कामाला लागतो.