दहा जणींची गोधडी आणि बंबई बाजारामागचं रजईचं दुकान

आमची दहा जणींची भिशी आहे. लोकमान्य नगर, सुदामा नगर, राजेंद्र नगर अशा इंदूरच्या तीन वस्त्यांत आम्ही राहतो. गेल्या श्रावणात पैशांच्या भिशीला जोडून कापडाची भिशी लावली. प्रत्येकीने एकाच मापाचे वीस ब्लॉक, म्हणजे तुकडे जोडून केलेले चौकोन, शिवायचे, दोन स्वतःला ठेवायचे आणि बाकी नऊ जणींना दोन-दोन द्यायचे. म्हणजे शेवटी प्रत्येकीच्या हातात दहा जणींचे वीस ब्लॉक. आडवे चार, उभे पाच, मध्ये दोन इंची पट्ट्या, बाहेरून तीन इंची काठ. ६० बाय ७४ इंच, एका माणसाची गोधडी.

माझी गोधडी भरून, दोरे घालून घरी आली आहे. ज्या दुकानाने ते केलं त्याबद्दल लिहायचं आहे. पण मी काय घेऊन गेले होते ते आधी सांगितल्याशिवाय त्या कामाची किंमत कळणार नाही.

मी बावीस वर्षं घरी ब्लाउज शिवते. पलंगाखालच्या ट्रंकेत कात्रणं साठलेली होती, लग्नाच्या खणांपासून रोजच्या टू बाय टू रुबियापर्यंत. पांढरट कॅम्ब्रिकचं ३० मीटरचं थान आम्ही एम. टी. क्लॉथ मार्केटमधून आणलं. तिथला व्यवहार ठोक, दोन-तीन मीटरसाठी कुणी थान उघडत नाही. दहा जणी मिळून गेलो की हा फायदा होतो. रंगीत कापड मात्र जिचं तिने आणायचं ठरलं, आणि खरी मजा तिथेच आली. एकीच्या माहेरची माणसं धारला, तिने धार जिल्ह्यातल्या बाग गावचं छापील कापड आणलं. लाल-काळ्या बुट्ट्यांचं, तुरटीने पक्क्या केलेल्या लालाचं आणि लोखंडाच्या गंजातून काढलेल्या काळ्याचं. एकीने आजीची विरलेली माहेश्वरी साडी कापली. तिचा ताणा रेशमाचा, बाणा सुताचा. कातर लागली की दशा सुटतात, म्हणून खाली मलमलचं अस्तर देऊन शिवली. आमच्यातली एक सिंधी आहे. तिने रल्लीसारखे, म्हणजे सिंधी गोधडीसारखे, ब्लॉक केले. कापड कागदासारखं चार घड्या घालून कातरायचं, उघडलं की फूल, आणि त्याच्या कडा आत दुमडत बारीक टाक्यांनी बसवायच्या. दोन्ही ब्लॉक मी मधल्या ओळीत लावलेत.

अदलाबदलीत सगळं अडतं ते मापावर. कुणाला असं काही करायचं असेल तर हे नीट वाचा. शिवून झालेला ब्लॉक साडेबारा इंचाचा हवा, म्हणजे चारी बाजूंची पाव-पाव इंच शिलाई जाऊन बारा उरतो. साधा नऊ घरांचा ब्लॉक घ्या. साडेचार इंचाचे तीन तुकडे एका ओळीत जोडले, मध्ये दोन शिलाया, साडेतेराचे बरोबर साडेबारा होतात. आता एखादीची शिलाई पाव इंचाऐवजी अर्धं सूत (इंचाची आठ सुतं) जास्त आत गेली, तर दर शिलाईत एक सूत जातं, दोन शिलायांत दोन. ब्लॉक सव्वाबाराचा होतो. एका ब्लॉकमध्ये हे डोळ्यांना दिसत नाही. पण ओळीत तसे चार आले की ओळ इंचभर तोकडी. प्रत्येकीचं मशीन वेगळं, पायाची रुंदी वेगळी, त्यामुळे "पायाच्या कडेने शिवा" हे सांगणं पुरत नाही. मी सगळ्यांच्या घरी जाऊन सुईपासून पाव इंचावर मशीनच्या पाटीवर चिकटपट्टी लावून आले. ते पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, मी तिसऱ्या महिन्यात केलं.

दुसरी गोष्ट पाण्याची. आमच्या थानाचं एक मीटर कापड धुतल्यावर चार सेंटिमीटर आटलं. म्हणून धुवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापायचं असं ठरलं होतं. रंगीत कापडाला ओलं पांढरं फडकं घासून बघायचं, रंग लागला तर ते कापड बाजूला. एका मैत्रिणीने घाईत हे केलं नाही. मरून रंगाचे तिचे वीसच्या वीस ब्लॉक वाटून झाले, आणि एकीने सहज पाणी मारून इस्त्री केली तर पांढऱ्यावर गुलाबी पसरलं. ती रडली. आम्ही तिला थानातलं उरलेलं कापड दिलं आणि वीस ब्लॉक तिने दिवाळीआधी पुन्हा शिवले. मला तिचा आदर वाटतो. तिचे ब्लॉक आता सगळ्यांत सरळ आहेत.

जोडकाम झाल्यावर प्रश्न आला भरण कुणाकडून घालायची. आपल्या आजीच्या गोधडीत कापूस नसायचा. जुनी लुगडी आणि धोतरं एकावर एक पसरून धावदोरा घालायचा. पण इंदूरचा डिसेंबर-जानेवारी बघता आम्हांला मध्ये थोडा कापूस हवाच होता. आमच्यातल्या एकीने तिची गोधडी मशीनवर क्विल्टिंग करून देणाऱ्या एका ठिकाणी दिली. दोन दिवसांत मिळाली, पॉलिएस्टरची भरण, हलकी, घरच्या मशीनमध्ये धुता येते. ती खूश आहे आणि तिच्या घरी लहान मूल आहे, तेव्हा तिच्यापुरतं ते बरोबरच. पण आम्ही प्रत्येकीने आपल्या ब्लॉकच्या कोपऱ्यात नावाचं पहिलं अक्षर साखळी टाक्याने काढलं आहे. मशीनच्या लाटा त्या अक्षरांवरून सरळ गेल्या. 'सु'चा उकार आता शोधावा लागतो. मला ते बघवलं नाही.

म्हणून मी बंबई बाजाराच्या मागच्या गल्लीत गेले. दुकानाला पाटी नाही. जवाहर मार्गाला गाडी लावून चालत जा, पिंजण्याच्या यंत्राचा घरघराट ऐकू येईल, दाराबाहेर गाद्यांच्या खोळी टांगलेल्या दिसतील. चाचा कापूस पिंजतात, आणि त्यांची सून, जिला सगळे आपा म्हणतात, दोरे घालते. मी पहिल्यांदा डिसेंबरच्या सुरुवातीला गेले तेव्हा चाचांनी स्पष्ट सांगितलं, "अभी रजई का सीज़न है बहनजी, संक्रांत के बाद आओ, तब हाथ का काम ठीक से होगा." दुसऱ्या कुणी ठेवून घेतलं असतं आणि उरकलं असतं. हा पहिला विश्वास.

जानेवारीच्या शेवटी गेले. कापसावरून आमचं थोडं झालं. एका माणसाच्या रजईत ते दोन-अडीच किलो भरतात. मी पाऊण किलो म्हटलं. चाचांना पटेना, एवढ्यात थंडी जाणार नाही म्हणाले. मी म्हटलं, जाड केलीत तर सुई ओढून आपांचा हात जाईल आणि टाके लांब पडतील. त्यावर आपाच आतून म्हणाल्या, "सही बोल रही हैं." पाऊण किलो ठरलं. सुटा कापूस असेल तर दोन ओळींत दोन बोटांपेक्षा जास्त अंतर ठेवून चालत नाही, कापूस सरकतो आणि गोळे होतात, हेही आपांनीच सांगितलं. रजईला चार-चार बोटांवर दोरे चालतात कारण ती धुतली जात नाही. गोधडी धुवायची असते.

खालच्या बाजूला मी एक जुनी चादर दिली होती. भिशीतल्या एकीचे वडील इंदूरच्या हुकुमचंद कापड मिलमध्ये होते. मिल १९९१ मध्ये बंद झाली, पण तिथल्या दोन चादरी त्यांच्या घरी जपून ठेवलेल्या. तिने एक मला दिली. आपांनी ती बोटांत धरून चोळली आणि मान हलवली. कापड ओळखणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही.

भरताना मी समोर बसून होते. वरचं आणि खालचं कापड सुलट बाजू आत ठेवून तीन कडांनी शिवलं, उलटी खोळ फरशीवर पसरली. चाचांनी पिंजलेला कापूस मुठीमुठीने तिच्यावर ठेवला. ओंजळीने उचलायचा, हवेत थोडा सोडायचा, मग पसरायचा. जिथे हात लागला तिथे दाबू द्यायचा नाही. कोपऱ्यांत आधी, मध्ये शेवटी. मग काठीने हलकेच थोपटून सारखा केला. पुढे बंद कडेपासून चटईसारखी घट्ट गुंडाळत आणले, उघड्या तोंडाशी आले, आणि ते तोंड उलटं करत करत सगळी गुंडाळी आतून बाहेर काढली. माझे चार महिने त्या गुंडाळीत होते. उरेब, म्हणजे तिरपे, कापलेले त्रिकोण ताणले जातील अशी मला धास्ती होती. उलगडली तेव्हा कापूस आत, ब्लॉक बाहेर, एकही शिलाई उसवलेली नाही.

आता त्या सव्वाबाराच्या ब्लॉकांचं. माझ्या वाट्याला तसे दोन आले होते. पट्ट्या साडेबाराच्या कापलेल्या, त्यामुळे जोडताना पट्टीत झोल राहिला. माझ्या मनात होतं की ते दोन काढून माझेच दोन लावावेत. मी आपांना विचारलंही. त्यांनी ब्लॉकचा कोपरा बघितला, तिथलं अक्षर वाचलं आणि विचारलं, "ये 'मी' कौन है?" मी सांगितलं, आमच्यातली सगळ्यांत मोठी, एकाहत्तर वर्षांची, मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर शिवायला बसली. आपा म्हणाल्या, "फिर इसको क्यों निकालना." त्यांनी गोधडीच्या मध्यापासून बाहेरच्या बाजूला कच्चे टाके घातले, तळहाताने झोल पुढे ढकलत, आणि त्या पट्ट्यांवर दोन बोटांऐवजी एका बोटावर ओळी घेतल्या. झोल त्या टाक्यांत मुरला. मी हात फिरवून शोधते तेव्हाच कळतो.

आपा अंगुस्तान घालत नाहीत. मधल्या बोटाला सुती चिंधी गुंडाळतात. जाड सुती दोरा मेणबत्तीच्या तुकड्यावरून ओढून घेतात, मग तो कापसातून निघताना पिळा खात नाही. इंचाला चार, कुठे पाच टाके. बावीस वर्षं मी शिलाई बघते आहे, तेव्हा हे मोजूनच लिहिते. आणि प्रत्येक अक्षराशी आल्यावर त्यांनी टाका थांबवला आहे, सुई कापसातून आतल्या आत पुढे नेली आहे आणि अक्षराच्या पलीकडे वर काढली आहे. वीस अक्षरं, एकावरही दोरा नाही. मी हे सांगितलं नव्हतं.

आता जे बरं झालं नाही ते. दहा दिवस सांगितले होते, सतरा लागले, आणि दुकानातला फोन कुणी उचलत नाही, त्यामुळे दोन फेऱ्या फुकट गेल्या. एका कोपऱ्यात ओळ आखायला खडूऐवजी बॉलपेन वापरलं आहे. ती निळी रेघ दोन धुण्यांत गेलेली नाही. कुणी तरुण मुलगा मदतीला होता, त्याचं काम असावं. पण पांढऱ्या कापडावर पेन चालवू नये एवढं दुकानात शिकवायला हवं, आणि मी हे चाचांना तोंडावर सांगितलं. त्यांनी शंभर रुपये कमी केले. पावती मिळत नाही. देताना गोधडी गच्च बांधून गाठोडं करून देतात. घरी येताच सोडा आणि दिवसभर उन्हात पालथी टाका, नाहीतर घडीवर कापूस बसतो.

कापसाचे आणि मजुरीचे मिळून २,६०० ठरले होते, २,५०० दिले. स्वस्त नाही. पण आपा साधारण बारा दिवस रोज दुपारी बसल्या असतील, त्या हिशेबाने मला तर कमीच वाटले. कमी करा म्हणू नका.

जायचं असेल तर होळीनंतर जा, तेव्हा हात मोकळा असतो. आतल्या शिलाया आधीच एका बाजूला इस्त्री करून बसवा, उंचवटा राहिला तर सुई अडते. ओळी आखायचा पांढरा खडू आपला न्या. आणि अक्षरं किंवा नावं काढली असतील तर कडेपासून इंचभर आत काढा. आमच्यातल्या दोघींची पट्टीच्या शिलाईत अर्धी गेली आहेत.

पुढच्या आठवड्यात राजेंद्र नगरच्या वहिनींना घेऊन पुन्हा जायचं आहे, त्यांची गोधडी जोडून तयार आहे. आपांना मी सांगून ठेवलंय. त्यांनी एवढंच विचारलं, की त्यातही 'मी'वाले दोन असतील ना.