पट्टी फोटोतच होती! व्हाईट मेटल किटच्या नावाखाली माझे ३२४ पौंड ५० पेन्स गेले

रेल्वे इंजिनाच्या मॉडेलची किट घेताना फसलो. तीन आठवडे लिहू की नको करत होतो, लाज वाटते म्हणून. पण काल रात्री जे दिसलं त्यानंतर गप्प बसवत नाही.

मी मूळचा मिरजेचा, नऊ वर्षं झाली इंग्लंडमध्ये, स्विंडनला. वडील रेल्वेत फिटर होते. इथल्या स्टीम म्युझियममध्ये २५१६ नंबरचं डीन गुड्स इंजिन आहे, विल्यम डीनच्या डिझाईनचं, १८८३ ते १८९९ मध्ये अशी २६० इंजिनं इथल्याच कारखान्यात बनली. बाबा आले होते तेव्हा त्या इंजिनाच्या कपलिंग रॉडकडे बघत पाऊण तास उभे होते, शेवटी मी चहाचं निमित्त काढून हलवलं त्यांना. ते वारल्यावर त्याच इंजिनाचं छोटं मॉडेल स्वतःच्या हाताने बनवायचं हे डोक्यात बसलं. रेडीमेड मिळतं, ऑक्सफर्ड कंपनीचं चांगलं आहे, माहीत आहे. पण मला के'ज कंपनीचं जुनं व्हाईट मेटल किटच हवं होतं, ते कथील-शिसं-अँटिमनीचं जडशीळ ओतीव सामान, कडेचा फ्लॅश, म्हणजे ओतताना राहिलेला पातळ जादा धातू, कानशीने काढायचा, ७० डिग्रीचं सोल्डर लावून जोडायचं.

तर मार्चमध्ये एका साईटवर जाहिरात दिसली, तीन इंजिनांची किट एकत्र. के'जचं डीन गुड्स १३० पौंड, विल्सचं ९४०० पॅनियर टँक ९५, के'जचा कोल टँक ८५. "अनबिल्ट, कम्प्लीट, चाकं आणि मोटर सकट." पोस्टेज १४.५०. आणि खाली लिहिलेलं, वडिलांचा संग्रह आहे, गेल्या वर्षी वारले, योग्य माणसाकडे जावं एवढीच इच्छा. आता माझे वडील जाऊन सात महिने झालेले, मी काय करणार होतो? कोणीही विश्वास ठेवला असता. आंधळेपणाने घेतलं असंही नाही, फोटो मागवले, बॉक्सचे, सूचनांच्या कागदाचे, कास्टिंगचे, एकूण वजनसुद्धा विचारलं. १ किलो ४० ग्रॅम म्हणाला आणि पार्सल तेवढंच भरलं. वजनावर जाऊ नका, ते कसं भरलं ते पुढे सांगतो.

साईटवरून नको, कमिशन जातं, थेट बँकेत टाका म्हणाला. इथेच थांबायला हवं होतं हे तुम्ही म्हणणारच, मलाही माहीत आहे. पण मला जास्त जाळतंय ते दुसरंच.

त्याने डीन गुड्सच्या चासीच्या (चाकं बसवायच्या सांगाड्याच्या) फ्रेमचा फोटो पाठवला होता, शेजारी स्टीलची पट्टी ठेवून. मी न मागता! ॲक्सलची तीन भोकं पट्टीवर स्पष्ट दिसतात, पहिलं १० वर, दुसरं ४२ वर, तिसरं ७६ वर. म्हणजे ३२ आणि ३४ मिलिमीटर. डीन गुड्सचा व्हीलबेस, म्हणजे ॲक्सलमधलं अंतर, ७ फूट ३ इंच अधिक ८ फूट ३ इंच, आणि आपल्या डबल ओ या मॉडेलच्या स्केलमध्ये एक फुटाला ४ मिलिमीटर, म्हणजे २९ आणि ३३ यायला हवं होतं. ३२ आणि ३४ म्हणजे ८ फूट आणि साडेआठ फूट, ते मिडलँड या दुसऱ्या रेल्वे कंपनीच्या इंजिनांचं, ४ एफ वगैरेचं माप. मी नोकरी कसली करतो? इन्स्पेक्शनची. दिवसभर हातात व्हर्नियर असतो, शंभर मायक्रॉनसाठी माल परत पाठवतो, आणि चार मिलिमीटरचा फरक बघितला नाही, कारण मी फोटोत माप बघतच नव्हतो, पट्टी ठेवलीय म्हणजे माणूस जाणकार आहे एवढंच बघितलं. पार्सल आल्यावर बायकोला फोटो दाखवला तर ती लगेच म्हणाली, "अहो, आकडे तर समोरच आहेत की." त्या रात्री झोप लागली नाही मला.

विल्सच्या ९४०० चं पण तसंच. ते मुळात नुसतं वरच्या बॉडीचं किट, ट्रायंग कंपनीच्या जिंटी नावाच्या मॉडेलच्या चासीवर बसवायचं. मग "ओरिजिनल विल्स चासी आणि मोटरसह" कुठून आलं? हे मला माहीत होतं हो, वाचताना नजर नुसती पुढे गेली.

खोक्यात काय निघालं ते सांगतो. ९४०० ची बॉडी एकदा बांधून मोडलेली, कोपऱ्याकोपऱ्यात ॲरल्डाईटचा पिवळा थर, एका बाजूची टाकी गायब. कोल टँकचा नुसता बॉयलर आणि एक साईड. डीन गुड्सचा टेंडर, म्हणजे मागचा कोळसा-पाण्याचा डबा, नाहीच. चाकं एका पिशवीत सहा, व्हर्नियर लावला तर तीन २०.५ मिलिमीटरची आणि तीन १८ ची, डीन गुड्सला ५ फूट २ इंची म्हणजे साधारण २०.७ लागतात. आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या छपराच्या शिशाच्या पट्ट्या. वजन असं भरलेलं! काही तुकड्यांवर पांढरी भुकटी होती, शिसं खराब झालं की येते ती, ग्लोव्ह्जशिवाय हात लावू नका आणि घरात मुलं असतील तर असलं काही जेवणाच्या टेबलावर उघडू नका, मी उघडलं होतं.

बँकेला फोन केला, ५० मिनिटं होल्डवर. इथे ऑक्टोबर २०२४ पासून नियम आहे, फसवून पैसे ट्रान्सफर करायला लावले तर बँकेने परत द्यायचे, १०० पौंडांपर्यंत कापून घेऊ शकतात. म्हटलं चला, २२४ तरी येतील. ती बाई म्हणाली, तुम्हाला पार्सल मिळालं ना, मग हा फ्रॉड नाही, तुमचा आणि विक्रेत्याचा दिवाणी वाद आहे. अहो, शिशाच्या पट्ट्या मिळाल्या मला! लेखी तक्रार केली, पाच आठवड्यांनी तेच उत्तर, वर एक माहितीपत्रक. पोलिसांचा ऑनलाईन फॉर्म भरला, एक नंबर मिळाला, मग ईमेल की सध्या तपास होणार नाही. साईटवाले म्हणतात व्यवहार आमच्याबाहेर झाला. स्मॉल क्लेम, म्हणजे छोटा कोर्टदावा, करायचा तर ५० पौंड फी, आणि नोटीस पाठवायला पत्ता लागतो, पार्सलवरचा पत्ता एका पार्सल घेणाऱ्या दुकानाचा निघाला. दुकानदार म्हणाला रोज दोनशे पार्सलं येतात, कोण लक्षात ठेवणार. प्रत्येक जण सौजन्याने बोलला आणि प्रत्येकाने मला पुढच्या दारात ढकललं. ३२४.५० म्हणजे आपले पस्तीस हजारांच्या वर, कोणाला ते लहान वाटत असतील, मला नाहीत.

सूचनांच्या कागदावरचं पार्टचं चित्र घ्या आणि प्रत्येक पार्ट मोजून, एकाच फोटोत, आजच्या तारखेच्या चिठ्ठीसह मागा. अनबिल्ट कास्टिंगच्या कडेला पातळ फ्लॅश असतोच, कडा गुळगुळीत दिसली की कोणीतरी कानस मारून झालीय. फोटोत पट्टी असेल तर ती वाचा. बँक ट्रान्सफर नाही, कोणाचेही वडील वारले असले तरी नाही.

काल रात्री दिसलं ते हे. नवीन नाव, तीच फ्रेम, आता एकट्या डीन गुड्सचे १४५ पौंड. पट्टी कापून टाकलीय फोटोतून. ग्रुपच्या ॲडमिनला मेसेज टाकलाय, अजून उत्तर नाही. पण खालची हिरवी कटिंग मॅट तीच आहे, उजव्या कोपऱ्यात सोल्डरिंग आयर्नने जळालेला काळा डाग, एक पेन्सच्या नाण्याएवढा. तो डाग दिसला तर पैसे पाठवू नका.